मेनिस्कस फाटलाय, मग व्यायामाने काय होणार?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ४७, कुठे पडल्याचं आठवत नाही, गुडघ्याच्या आतल्या बाजूचा मेनिस्कस, म्हणजे हाडांमधली गादी, मागच्या टोकाला फाटलाय, एमआरआयच्या रिपोर्टवर ‘ग्रेड ३’ लिहिलंय, आणि प्रश्न असा की फाटलेली गादी व्यायामाने जुळणार कशी. खरं सांगायचं तर बहुधा जुळणार नाही. तरीही मी तुम्हाला आधी व्यायामच करा म्हणेन. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तुमच्यासारखे गुडघे नेहमी बघते.

मेनिस्कसला रक्त फक्त बाहेरच्या कडेपाशी मिळतं. आतल्या भागात रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिथली चीर सहसा भरत नाही. पण चीर आहे म्हणजे दुखणं तिचंच, असं मानायची घाई करू नका. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते, त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला होता, त्यांच्यातल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा आधीच्या महिन्याभरात दुखलाही नव्हता आणि आखडलाही नव्हता. ‘ग्रेड ३’चा अर्थही एवढाच की चीर गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोचली आहे. गुडघा किती बिघडलाय, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

शस्त्रक्रियेबद्दलही ऐका. फिनलंडमध्ये १४६ रुग्णांपैकी निम्म्यांचा फाटलेला भाग दुर्बिणीतून कापला आणि उरलेल्यांवर नुसतीच लुटुपुटीची शस्त्रक्रिया केली. वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे होते (२०१३). नॉर्वेत १४० जणांत कापणं आणि १२ आठवड्यांचा व्यायाम यांची तुलना झाली. दोन वर्षांनी दुखण्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता, मांडीची ताकद मात्र तीन महिन्यांनी मोजली तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची जास्त सुधारली होती (२०१६). त्यांच्यातल्या १९ टक्के लोकांनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली, हेही लपवायला नको. पण कापलेला तुकडा परत येत नाही आणि तो गेला की हाडांवरच्या कूर्चेवर जास्त दाब येतो. म्हणून आधी व्यायाम.

आता व्यायाम नेमकं करतो काय? गुडघ्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण जोर लावण्याचा हुकूमच मिळत नाही. तुम्ही कितीही ताणा, स्नायू अर्धवटच आवळतो. आठवड्या-दोन आठवड्यांत मांडी बारीक दिसायला लागते, जिना उतरताना पाय दगा देईल असं वाटतं, आपण तो पाय वाचवत चालतो आणि स्नायू आणखी सुकतो. हे चक्र तोडायचं आहे.

सुरुवात साधीच असते: गुडघा पूर्ण सरळ करून मांडी आवळणं, सरळ पाय उचलणं, उताणं झोपून कंबर उचलणं. सूज उतरली की खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पायरीवर चढ-उतार, एका पायावर तोल. मग हातात वजन घेऊन स्क्वॉट. बहुतेकांचा उपचार फसतो तो इथेच. ‘फिजिओ करून झालं, फरक नाही’ म्हणणाऱ्यांना मी विचारते की शेवटी किती वजन उचलत होतात. उत्तर बहुतेक वेळा ‘वजन? नाही, रबराचा पट्टा होता, आणि मशीनचा शेक’ असं येतं. शेकाने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ताकद येत नाही. शेवटची दोन-तीन आवर्तनं कष्टाची वाटली पाहिजेत, आणि ती सोपी झाली की वजन वाढलं पाहिजे. आठवड्यातून दोन-तीनदा, निदान १२ आठवडे.

दुखण्याला घाबरू नका, त्याचं माप ठेवा. शून्य ते दहाच्या मोजणीत व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तरी चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरायला हवं. सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर भार कमी करा, व्यायाम बंद नको. पहिले काही आठवडे पूर्ण उकिडवं बसणं आणि पाय रोवून गुडघ्यावर वळणं टाळा. त्यात गादीच्या मागच्या टोकावर जास्त ताण येतो.

काही गुडघ्यांना मात्र थांबायला सांगणं चुकीचं ठरेल. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मेनिस्कसचा तुटलेला पट्टा सांध्यात सरकलेला असू शकतो; अशांनी लवकर ऑर्थोपेडिक सर्जन गाठावा. गुडघ्यामागे अचानक ‘कट्ट’ झालं आणि तेव्हापासून चालणं कठीण झालं, तर मेनिस्कसचं मूळ, म्हणजे तो हाडाला जिथे जोडलेला असतो ते टोक, सुटलंय का हे तपासायला हवं, कारण ते वेळेत शिवता येतं. तरुण वयात खेळताना मोठी चीर पडली असेल, तर शिवण्याबद्दल सर्जनशी बोलून घ्यावं. आणि गुडघा लाल, गरम, सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

तुमच्या लिहिण्यात यातलं काही दिसत नाही, तरी एकदा समोरासमोर तपासून घ्या आणि सर्जनना ‘मूळ शाबूत आहे ना?’ हे जरूर विचारा. सुरू करण्याआधी ३० सेकंदांत खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येतं ते मोजून लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा हलला नसेल तर तुमचा व्यायाम फार हलका आहे, तो आकडा घेऊन तुमच्या फिजिओकडे जा.