नव्या गाडीचे १४ इंची टायर काढून शोरूममध्येच १६ इंची घालून घ्यावेत का? आणि डिलिव्हरी घेताना काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या आठवड्यात पहिली गाडी, पेट्रोल हॅचबॅक, ताब्यात घेणार आहात. शोरूमवाला १६५/८० आर १४ काढून १९५/४५ आर १६ आणि मॅग व्हील (म्हणजे मिश्रधातूची चाकं) घ्या म्हणून मागे लागलाय. कोणत्या कंपनीचे टायर चांगले हेही विचारलंय. आणि शेवटी एक वाक्य आहे : "घरचे म्हणतात टायरचं काय बघायचं, चार गोल काळे असले म्हणजे झालं."

त्या वाक्यासाठी लिहायला बसले आहे. हेच वाक्य माझ्या वडिलांनी ऐकून घेतलंय, माझ्यादेखत.

१९५/४५ आर १६ घेऊ नका. कारण पुढे सांगते. आधी डिलिव्हरीचं.

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारात, सासर कारेलीबागेत. बाबा वाघोडियाजवळ लिमड्याला अपोलोच्या कारखान्यात बावीस वर्षं क्युरिंगला होते. कच्चा टायर साच्यात घालतात, आत वाफेनं फुगणारा फुगा असतो, तो टायरला साच्यावर दाबून धरतो आणि दहा-पंधरा मिनिटांत रबर भाजून निघतं. नव्या टायरवर बारीक केस दिसतात ना, ते साच्यातून हवा बाहेर जायच्या भोकांत शिरलेलं रबर असतं. आम्ही लहानपणी बाबांच्या दुचाकीचा टायर बदलला की ते केस उपटत बसायचो आणि ओरडा खायचो. टायर कसा वाचायचा हे मला पाढ्यांच्या आधी नाही तरी पाढ्यांच्या बरोबरीनं आलं.

२०२४ साली मी माझ्या पगारावर गाडी बुक केली. गाडी माझ्या नावावर, कर्ज माझ्या नावावर. धाकट्या दिरांच्या ओळखीचा माणूस एका शोरूममध्ये होता, त्यांनी शब्द टाकून दसऱ्याची डिलिव्हरी मिळवून दिली. दसरा त्या वर्षी १२ ऑक्टोबरला होता. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : ऑगस्टच्या शेवटी आमची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. फत्तेगंज, अकोटा, समा, वडसर, आमचं कारेलीबाग, सगळीकडे पाणी. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरचे लोक तीन दिवस वरच्यांकडे राहिले. गाड्या तर किती गेल्या त्याला गणती नाही. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यावर क्रेन दिसत होत्या.

बाबा म्हणाले, गाडी पैसे भरायच्या आधी बघायची, पासिंगच्या आधी बघायची आणि दिवसाउजेडी बघायची. शोरूममध्ये नाही, त्यांच्या यार्डात. मी फोन केला तर तिकडून, "बेन, पूजाना दिवसे जोई लेजो ने." मी म्हटलं, पूजेच्या दिवशी मी पूजा करणार. गाडी आधी बघणार. दसऱ्याच्या चार दिवस आधी आम्ही गेलो. मी, बाबा आणि दीर. मिस्टर ऑफिसच्या कामानं सुरतेला होते.

बाबांचे गुडघे गेलेत, वाकता येत नाही. ते टॉर्च धरून उभे राहिले आणि मी उकिडवी बसून वाचत गेले. टायरच्या बाजूवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढचे दोन्ही : २१२४. म्हणजे २०२४चा एकविसावा आठवडा, मे महिना. मागचा डावा : २१२४. मागचा उजवा मिळेना, लंबगोल आतल्या बाजूला होता. गाडीखाली मान घालून वाचला : ४८२२.

बाबा म्हणाले, "परत वाच."

४८२२च होता. २०२२चा नोव्हेंबर-डिसेंबर. त्या टायरवर केस नव्हते, पिवळा ठिपकाही नव्हता. (नव्या टायरवर बहुधा पिवळा ठिपका असतो, तो टायरची हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्व्हजवळ बसवतात. धुतला-घासला की जातो, त्यामुळे नुसता ठिपका नाही म्हणून भांडू नका.) शोरूमचा माणूस म्हणाला, कंपनीतूनच असा आला असेल. बाबा म्हणाले, "तीन भावंडं एका आठवड्याची आणि चौथा दीड वर्षानं मोठा? हा पाहुणा आहे. याला का आणला ते शोधू. स्टेपनी काढ."

डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनी सोडवली. ती स्वच्छ होती, पुसलेली. पण बाबा म्हणाले रिमच्या आतल्या बाजूनं, जिथे नट बसतो त्या खोबणीत बोट फिरव. फिरवलं. बोटाला तपकिरी पीठ आलं, मुलतानी मातीसारखं मऊ, चोळलं तर कणही लागत नव्हता. पूर येऊन गेलेल्या घरातल्या बाईला ती माती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दीड महिना मी तीच माती शिलाई मशीनच्या खाचांतून, कपाटाच्या बिजागरीतून, देवघराच्या कोरीव कामातून दातकोरण्यानं काढत होते.

माणूस म्हणाला, "आ तो गोडाउननी धूळ छे, बेन."

मग मी ड्रायव्हरचा सीट बेल्ट ओढला, थांबेपर्यंत. जो भाग रोज बाहेर येतच नाही, गुंडाळलेला असतो, तो शेवटचा हातभर पट्टा चहाच्या डागासारखा झाला होता आणि त्याला कडेनं सरळ रेघ होती. पाणी तिथपर्यंत होतं. सीटं धुवून वाळवता येतात, गालिचा बदलता येतो, पट्ट्याचा आतला भाग धुवायचं कुणाला सुचत नाही.

आता माझा मुख्य राग. मी गाडी नको म्हटल्यावर दीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, मुहूर्त जाईल. माझा शब्द जाईल. टायरचं काय, चार गोल काळे असले की झालं. आणि काका कारखान्यात टायर भाजत होते, गाड्या विकत नव्हते." बाजूला घेऊन म्हणाले खरे, पण बाबा चार पावलांवर होते. त्यांनी टॉर्च बंद केला आणि खिशात ठेवला. एवढंच. गाडीत परत येताना कुणी बोललं नाही.

मी त्या रात्री फोटो आणि चॅसिस नंबरासकट ईमेल केला की ही गाडी स्वीकारत नाही, दुसरी द्या नाहीतर बुकिंगची रक्कम परत करा. बँकेलाही कळवलं की मी लेखी सांगेपर्यंत कर्जाची रक्कम सोडू नका. दोन दिवसांनी शोरूममधून फोन आला की दुसरी गाडी मिळेल, पण दसऱ्याला नाही. ती पहिली पाण्यात होती असं त्यांनी शेवटपर्यंत तोंडानं म्हटलं नाही. मला धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबरला गाडी मिळाली. तिचे चार टायर ३४२४, स्टेपनी २९२४. बाबांनी स्वतः चार लिंबं चार चाकांखाली ठेवली. दीर पूजेला आले नाहीत, आणि आजही नातेवाइकांत सांगतात की वहिनींनी मातीच्या चिमटीपायी दसऱ्याची गाडी घालवली. तेव्हा इथे लिहून ठेवते : पाण्यात बुडालेली गाडी त्या दिवशी छान चालते. सहा महिन्यांनी वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, एअरबॅगचा दिवा पेटतो, चाकाचं बेअरिंग घुमायला लागतं, आणि तेव्हा शोरूम म्हणतं तुम्हीच पाण्यात घातली असेल. बाबांनी ते एका टायरवरून ओळखलं. टायर भाजणाऱ्या माणसानं.

तुमच्यासाठी यातून घ्यायचं ते असं. पासिंग झालं की गाडी तुमची, मग नाही म्हणणं फार अवघड. म्हणून सगळं त्याआधी. चॅसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, पत्र्यावरचा आणि कागदावरचा अक्षर न् अक्षर ताडून बघा. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, त्यात गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. पाचही टायरच्या तारखा त्या महिन्याच्या थोड्या आधीच्या असायला हव्यात. दोन-चार आठवडे मागेपुढे, स्टेपनी जरा जुनी, हे चालतं. टायर गाडीपेक्षा 'नवा' असेल तर तोही विचारा, कारण मग तो बदललेला आहे. रंग, काचा, काटे हे सगळे सांगतातच, मी सांगत नाही.

आता १६ इंची. गणित पाटीवर करून बघा. १६५/८० आर १४ म्हणजे १६५ मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंच. पूर्ण चाकाचा व्यास येतो साधारण ६२० मिलिमीटर. १९५/४५ आर १६ चा येतो ५८२. रिम मोठी झाली, चाक लहान झालं! गाडी १९ मिलिमीटर खाली बसली, म्हणजे प्रत्येक सोसायटीच्या गतिरोधकाला पोट घासणार. काटा १०० दाखवेल तेव्हा तुम्ही ९४ वर असाल, आणि ओडोमीटर सहा टक्के जास्त पळेल, म्हणजे वॉरंटीचे किलोमीटर तुम्ही न चालवताच संपणार. त्याहून वाईट म्हणजे भार. तुमच्या मूळ टायरवर बहुधा ८५ लिहिलंय, म्हणजे एक चाक ५१५ किलो पेलतं. १९५/४५ आर १६ मध्ये ८० किंवा ८४ मिळतात, ४५० किंवा ५०० किलो. मूळ आकड्यापेक्षा खाली कधीही जायचं नाही, मग टायर कितीही देखणा असो. आणि टायरची भिंत इतकी बुटकी की पावसाळ्यातल्या एका खड्ड्यात बाजूला टेंगूळ येणार. टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावा लागतो.

रुंद टायरची हौसच असेल तर १८५/६५ आर १५ बघा. व्यास ६२१-२२ येतो, म्हणजे मूळच्याइतकाच, भार ८८. तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला बहुधा हाच असेल, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत सापडेल. तेवढ्यापुरतं ठीक. तरी मी म्हणेन, कंपनीचे टायर निदान पहिली दोन-तीन वर्षं राहू द्या. शोरूम तुमचे कोरे टायर कवडीमोलानं परत घेतं आणि ते पुढे विकतं, त्याचाच सगळा आग्रह आहे.

कंपनी कोणती? बाबांना हा प्रश्न लग्नाकार्यात लोक विचारायचे. हालोलला सिएटचा कारखाना, लिमड्याला अपोलोचा, दोन्ही आमच्यापासून चाळीसेक किलोमीटरांच्या आत, त्यामुळे बडोद्यात प्रत्येकाचा कुणीतरी टायरमध्ये असतोच आणि प्रत्येक जण आपलीच फुशारकी मारतो. बाबा कंपनी कधी सांगायचे नाहीत. दुकानदाराकडून तारीख विचार म्हणायचे. नावाजलेल्या कंपनीचा तीन वर्षं दुकानात उन्हाला टांगलेला टायर आणि साध्या कंपनीचा दोन महिन्यांचा, यात ते दुसरा घेत. रबर न वापरताही म्हातारं होतं, उलट पळणाऱ्या टायरमधलं मेण पृष्ठभागावर येत राहून त्याला जपतं, पडून राहिलेल्याचं येत नाही.

एक राहिलंच : हवा. शोरूममधून गाडी निघते तेव्हा बऱ्याचदा टायरमध्ये हवा जास्त असते, कारण यार्डात उभी ठेवायला भरलेली असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या. नायट्रोजनला जादा पैसे देऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. दर पंधरा दिवसांनी बघितलंत तर साधी हवा उत्तम. आमच्याकडे मे महिन्यात अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर फाटलेल्या टायरच्या सालपटी पडलेल्या दिसतात, त्यातल्या कितीतरी कमी हवेच्या असतात. कमी हवेत भिंत दुमडत राहते आणि आतून तापते.

हे सगळं पेट्रोल हॅचबॅक धरून लिहिलंय. इलेक्ट्रिक गाडी जड असते, तिच्या टायरचं गणित निराळं. टायरचा आकार बदललात तर विमा कंपनीला लेखी कळवा, वॉरंटीचंही आधी विचारून घ्या. आणि तुमच्या गावात पूर आला नसेल तर सीट बेल्ट ओढायचं कारण नाही असं वाटेल, पण गाड्या एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. ओढा.

यार्डात गेलात की पाचही टायरचे चार-चार आकडे आणि फॉर्म २१ वरचा महिना इथे लिहा. बाबांना रोज संध्याकाळी चहाच्या वेळी फोन करते, तेव्हा वाचून दाखवीन.