लिस्टचे तुकडे करणाऱ्या फंक्शनची पहिली टेस्ट

अरे घाबरू नकोस, लिस्टचे ठराविक साइझचे तुकडे करणारं तुझं पायथनमधलं फंक्शन चार ओळींचं आहे, टेस्टपण फार मोठी लागणार नाही. कव्हरेज (टेस्टने किती कोड तपासला), मॉक (खऱ्या भागाऐवजी नकली) वगैरे आत्ता डोक्यातून काढून टाक, ते नंतर बघू. आधी कागदावर उत्तर लिही: १ ते ७ आकडे, तीन-तीनचे तुकडे, म्हणजे [१, २, ३], [४, ५, ६] आणि शेवटी उरलेला [७]. हेच उत्तर टेस्टमध्ये हाताने टाइप कर. बरेच नवीन लोक टेस्टमध्येच परत लूप लावून अपेक्षित उत्तर काढतात, मग फंक्शन चुकलं की टेस्टही तशीच चुकते आणि सगळं हिरवंगार, म्हणजे पास झालेलं दिसतं!

मग एवढ्या केसेस पुरे:
- रिकामी लिस्ट
- एकच आयटम
- तीनने बरोबर भाग जाणारे ६ आयटम
- साइझ ० दिला तर व्हॅल्यूएरर (चुकीची व्हॅल्यू दिल्याचा एरर)

या शेवटच्यात खरी गंमत आहे. तुझ्या फंक्शनमध्ये यील्ड आहे ना, म्हणजे ते जनरेटर (मागितल्यावरच एकेक तुकडा देणारं), नुसतं कॉल केलं तर आतली एक ओळही चालत नाही, त्यामुळे पायटेस्ट या टेस्टच्या टूलमधल्या रेझेसमध्ये (एरर येतो का ते तपासणारा भाग) फक्त कॉल ठेवलास तर एररच येणार नाही आणि तू तासभर डोकं खाजवत बसशील. कॉलभोवती लिस्ट() घाल. तुलना करतानाही तेच, जनरेटर आणि लिस्ट कधीच सारखे निघत नाहीत.

अजून एक, कधीतरी लिस्टऐवजी आयटर() (एकेक आयटम देतो, पण त्याला लांबी नसते) देऊन बघ, आत लांबी मोजणारं लेन वापरलं असेल तर लगेच टाइपएरर येईल. पायथन ३.१२ पासून इटरटूल्स या त्याच्या मॉड्यूलमध्ये असेच तुकडे करणारं बॅच्ड आयतं मिळतं, पण ते लिस्टऐवजी टपल (बदलता न येणारी लिस्टच म्हण) देतं, आणि सरावाला स्वतःचंच बरं.