तालमीला बस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. शुभारंभाच्या प्रयोगाआधीचे चार दिवस, ठोक मानधन, आणि काम काय तर सगळ्यांचे आवाज खुलवायचे, उच्चार साफ करायचे, नायकाचा बसलेला घसा सुरू करून द्यायचा. या चार दिवसांत कोणते व्यायाम घेऊ, असं तू विचारतोस. व्यायाम तुला माझ्याइतकेच येतात. या नाटकाचं पहिलं वाचन होऊन दीड महिना झाला. एवढ्या दिवसांत तुला कुणी का बोलावलं नाही, हे तू निर्मात्याला विचारायला हवं होतंस.

तालमीला बस. मी दुसरं काही सांगणार नाही, आणि जे सांगेन ते फिरून इथेच येईल.

त्या नायकाचा घसाच घे. तू जाशील, त्याला वाफ घ्यायला सांगशील, बोलू नको म्हणशील, कुजबुजही नको म्हणशील. ओठांची फुरफुर करून घेशील, स्ट्रॉमधून हुंकार काढायला लावशील. तो खिशातली खडीसाखर आणि ज्येष्ठमध दाखवेल. गिळलेलं काहीही स्वरतंतूंवरून जात नाही, ते मागून अन्ननलिकेत उतरतं, हेही तू त्याला समजावशील. सगळं बरोबर. पण घसा बसला कुठे? तो बसला दुसऱ्या अंकातल्या भांडणात. तिथे तो प्रेक्षकांकडे पाठ करून जिना चढतो, श्वास संपलेला असतो, उरलेली दोन वाक्यं मानेच्या शिरा ताणून कशीबशी ओढतो. दिग्दर्शक 'पुन्हा' म्हणतो आणि तो पुन्हा ओढतो, रोज संध्याकाळी. साध्या बोलण्यातसुद्धा पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला १००च्या वर वेळा एकमेकांवर आदळतात, बाईचे २००च्या आसपास. ओरडताना त्याहून जास्त आणि जोरात. ती जागा तू पाहिलेलीच नाहीस. पाहिली असतीस तर म्हणाला असतास, याला दोन पायऱ्यांवर थांबू द्या, श्वास घेऊ द्या, मग वळून बोलू द्या. प्रसंगही कदाचित चढला असता. पण एकदा जिना ठोकला, हालचाली बसल्या, की शेवटच्या आठवड्यात कुणी एक पायरीसुद्धा बदलत नाही.

उच्चारांचंही तेच. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. 'मी त्याला ओळखत नाही' यातलं 'नाही' नट गिळतो, कारण श्वास तिथवर पुरत नाही आणि मालिकांच्या सवयीने वाक्य शेवटाला खाली पडतं. बालगंधर्वच्या बाल्कनीतल्या माणसाला अर्थ उलटाच पोचतो. कुठलं वाक्य कुठे पडतंय, हे मागच्या रांगेत बसून, संहितेच्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा करत, दिवसेंदिवस ऐकावं लागतं. शिवाय तालमीचा हॉल बहुधा एखाद्या शाळेचा नाहीतर मंडळाचा. खाली फरशी, उघड्या भिंती. तिथे प्रत्येकाचा आवाज भरदार वाटतो आणि नट खूश असतात. भरलेल्या नाट्यगृहात माणसं आणि त्यांचे कपडे तोच आवाज शोषून घेतात. हे आधीपासून सांगणारं कुणीतरी हॉलमध्ये हजर लागतं.

'कॉलर माईक आहेतच की' असं निर्माता म्हणाला, हे वाचून मला संताप आला. माईक असलेला आवाज मोठा करतो. गिळलेलं 'नाही' तो कुठून आणणार?

आता बोलीबद्दल. तू परभणीचा आहेस, कॉलेजात तुझ्या हेलाला लोक हसले, तू दोन वर्षं गप्प बसलास, हे तू मला सांगितलं आहेस. उद्या 'याला शुद्ध करा' म्हणून तुझ्यापुढे बुलढाण्याचा एखादा पोरगा उभा करतील. तो 'पानी' म्हणतो एवढाच त्याचा गुन्हा. तू आधी विचार, पात्र कोण आहे? पुण्याच्या वाड्यात वाढलेला वकील असेल तर 'ण' शिकव. पण जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायची सवय पडायला आठवडे जातात. चार दिवसांत एवढंच होतं, की पुढे 'ण' दिसला की पोरगा धास्तावतो आणि समोरच्या नटाकडे बघायचं विसरतो. पात्र गावातलं असेल तर त्याला हात लावू नकोस. त्यापेक्षा त्या शहरी मुलीला धर, जी 'गावाकडची भाषा' म्हणून सरसकट 'व्हय' आणि 'न्हाय' करत सुटते. कुठलं गाव, विचार तिला. सोलापूरच्या बाईचा हेल वेगळा, नागपूरच्या बाईचा वेगळा. हे प्रश्न वाचनाच्या टेबलावर विचारायचे असतात. रंगीत तालमीत विचारलेस तर लोक तुला विघ्नसंतोषी म्हणतील, आणि त्यांचं फारसं चुकणारही नाही.

इंग्लंडात रॉयल शेक्सपिअर कंपनीत सिसिली बेरी १९६९ साली आल्या आणि २०१४ पर्यंत त्यांनी तिथे आवाजाचं काम पाहिलं. नट संहितेशी झगडत असायचे तिथेच त्यांचं काम चालायचं. आपल्याकडे डॉ. अशोक दा. रानडे यांनी आवाज-साधनेचं शास्त्र मांडलं, गाणाऱ्यांसाठी आणि बोलणाऱ्यांसाठीही. ते २०११ साली गेले. आजही नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा सगळ्यांची नावं असतात, आवाजाचं नाव क्वचित दिसतं. ज्याला घाईघाईने शेवटी बोलावलं त्याचं नाव कोण घालणार? तालमीला बस, मग नाव माग.

माझ्याबद्दल तू ऐकलं असशीलच. बाई हट्टी आहेत, अटी घालतात. खरं आहे. एका नाटकात मला शेवटच्या आठवड्यात बोलावलं. एक मुलगी पोराच्या प्रेतावर आक्रोश करायची. पहिल्या उभ्या तालमीपासून ती घसा फाडून किंचाळत होती, कारण तिथे सगळे त्यालाच खरा अभिनय म्हणत होते. मी पोचले तेव्हा तिच्या आवाजातून हवा गळत होती आणि वरचे सूर नाहीसे झाले होते. मी म्हटलं, आजच्या आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. पण बुकिंग सुरू झालं होतं. ती दौऱ्यावर गेली. रविवारी दोन-दोन प्रयोग, रात्री बटाटेवडे खाऊन तसंच बसमध्ये आडवं व्हायचं, पोटातलं आम्ल घशापर्यंत यायचं. परतली ती स्वरतंतूंवर गाठी घेऊन. तिच्या जागी रिप्लेसमेंट आली, नाटक चालत राहिलं. ती मुलगी पुन्हा रंगमंचावर आली नाही.

तेव्हापासून माझी अट ठरली, वाचनापासून बोलावणार असाल तर येते. त्या अटीपायी कामं गेली. डबिंग केलं, आकाशवाणीवर वाचलं, शाळेतल्या शिक्षकांचे वर्ग घेतले. मी नाही म्हटलेल्या नाटकांतली काही फार सुंदर होती. त्यांच्या तालमी चालू असताना मी घरी बसून होते, याची खंत आहे आणि राहील. पण अट चूक होती असं मला आजही पटत नाही. गेले असते तर काय झालं असतं? पाकीट मिळालं असतं, नटांनी आभार मानले असते, आणि जिना जिथल्या तिथे राहिला असता. आवाजाचं काम म्हणजे शेवटचा रंगाचा हात अशी समजूत मीच माझ्या हाताने पक्की केली असती.

पत्रात तू लिहिलेली ती कंपनीतली नोकरी मात्र घे. भाडं भरायचं असतं. फक्त संध्याकाळी सहानंतर मोकळा राहशील, हे लिहून घे, कारण तालमी तेव्हाच असतात.

आणि ते चार दिवस? मी गेले नसते. तू जाणार, हे तुझ्या पत्रावरूनच कळतंय. मग जा, पण पहिल्याच दिवशी नायकाला डॉक्टरकडे ने. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर दुर्बिणीने तपासल्याशिवाय त्याला एकही व्यायाम देऊ नकोस. निर्माता चिडला तर चिडू दे. नटांना प्रयोगागणिक नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, मिळते, तुला मिळणार नाही. म्हणून ठोक रकमेतच पुढच्या काही प्रयोगांना विंगेत हजर राहण्याचं बोलून घे, दौऱ्यातला एखादा तरी धर. त्याच बैठकीत विचार, पुढच्या नाटकाचं वाचन कधी आहे?

त्याने टाळाटाळ केली तर दादरला ये. माझ्या ओळखीच्या एका संस्थेचं नवं नाटक पुढच्या महिन्यात वाचायला घेतायत. दिग्दर्शकाशी मी बोलले आहे, तू मागे बसून खुणा करशील, वाचन संपल्यावर त्याला एकट्याला सांगशील, नटांना परस्पर काही सांगायचं नाही. पैसे नाहीत, जाण्यायेण्याचा खर्च मी देईन. वाचन सातला सुरू होतं, तू साडेसहाला पोच.

— बाई