बोआच्या रंगांचं वेड आणि बारावीनंतरची वाट

नमस्कार,

मुलगा अकरावी सायन्सला आहे, रात्र रात्र अमेरिकेतल्या बोआ ब्रीडर्सचे, म्हणजे बोआ या सापाची वेगवेगळ्या रंगांसाठी पैदास करणाऱ्यांचे, व्हिडिओ बघतो आणि 'मी हेच करणार' म्हणतो, म्हणून तुम्ही काळजीत आहात. त्याच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, ते फार बरं केलंत.

त्या पानावर त्याने दोन साध्या रंगाच्या बोआंची जोडी मांडली आहे. दोघांतही अल्बिनोचं, म्हणजे काळं रंगद्रव्य नसण्याचं, जनुक लपलेलं. पिल्लांत सरासरी चारात एक अल्बिनो, हे कोणीही सांगेल. पण उरलेल्या साध्या पिल्लांपुढे त्याने '६६ टक्के हेट' लिहिलंय; हेट म्हणजे जनुक अंगात आहे, पण रंगात दिसत नाही. तिनातल्या दोघांत ते जनुक असणार, हे अचूक आहे. इथे बरीच मुलं 'निम्मी' लिहून मोकळी होतात.

त्याला माझ्याकडून एक प्रश्न द्या. काल आणि शार्प या अल्बिनो बोआंच्या दोन वेगळ्या वंशरेषा. दोन्ही अल्बिनो, पण एकमेकांशी जुळवल्या तर पिल्लं साध्याच रंगाची होतात. का? उत्तर सापडलं की जेनेटिक्सचा एक मोठा धडा त्याला कुणी न शिकवता आलेला असेल.

धंद्याचं मात्र मला पटत नाही. बोआ साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो बाळगणं, देणं-घेणं, पिल्लं होणं, सगळ्याची नोंद करावी लागते. आपल्याकडचे मांडूळ किंवा अजगर पकडणं तर सरळ गुन्हाच. शिवाय दुर्मीळ रंगासाठी नात्यातच जोड्या लावल्या की अधू पिल्लं निपजतात. ती बाजू व्हिडिओत क्वचितच दिसते.

पण हाच विषय आपल्या देशात संशोधनाचा आहे. ओडिशातल्या सिमिलिपालच्या काळ्या वाघांचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत का मिसळतात, हे बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं: टॅक्पेप नावाच्या जनुकात डीएनएच्या एका अक्षराचा बदल. छोट्या, तुटलेल्या वस्तीत तो पसरला. तुमच्या मुलाच्या वहीतलंच गणित, फक्त जंगलातलं.

बारावीनंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचा बीएस-एमएस कोर्स बघा. त्यासाठी आयएटी ही वेगळी परीक्षा असते आणि तिचा अर्जही वेगळा भरावा लागतो. नाही जमलं, तर चांगल्या कॉलेजातून झूऑलॉजी किंवा बायोटेकमध्ये बीएस्सी करून पुढे जेनेटिक्समध्ये एमएस्सी. प्राण्यांवर उपचार करायची ओढ असेल तर नीट देऊन पशुवैद्यकीयला जाता येतं. एवढंच बघा, बायोलॉजी आवडते म्हणून त्याने गणित सोडायला नको. आयएटीत गणिताचेही प्रश्न असतात.