‘सर, मी तुमची वाट लावतो’ यात हसण्यासारखं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की मराठी नव्याने शिकताय. साहेबांना उशीर होणार होता, म्हणून त्यांना फोनवर ‘सावकाश या सर, मी तुमची वाट लावतो’ म्हणालात, आणि बाजूचे सगळे फुटले. आता बोलीतले असे शब्द कुठे, कसे वापरायचे, असा तुमचा प्रश्न आहे.

वाट ‘बघायची’ किंवा ‘पाहायची’ असते. ‘लावली’ की त्या माणसाचं वाटोळं केलं. गोष्ट आपोआप बिघडली तर वाट ‘लागली’, कुणी बिघडवली तर ‘लावली’. गंमत अशी की मार्ग आणि वाट एकच, तरी ‘काम मार्गी लावलं’ म्हणजे नीट तडीस नेलं आणि ‘कामाची वाट लावली’ म्हणजे पार विचका केला. ‘विल्हेवाट लावणे’ यातली वाट मात्र अजून सभ्य आहे, तिथे नुसती व्यवस्था लावायची असते.

म्हणून सुटा शब्द पाठ करून उपयोग नाही, क्रियापद सोबत उचला. ‘शाळा घेतली’ म्हणजे झापलं, चारचौघांत हजेरी घेतली. ‘शाळा करू नकोस’ म्हणजे डाव खेळू नकोस, गोड बोलून गुंडाळू नकोस. टोपी ‘घातली’ तर फसवलं, ‘फिरवली’ तर ऐनवेळी शब्द बदलला. कधी कधी तर क्रियापदाचं नुसतं रूप बदलून भागतं. ‘ती फार भाव खाते’ ही तक्रार झाली: आढेवेढे घेते, मिजास करते. पण नाटक बघून आलेला माणूस ‘छोट्या भूमिकेतली ती मुलगी भाव खाऊन गेली’ म्हणाला, तर ती शुद्ध तारीफ. ही दुसरी छटा मला कुणाला समजावून सांगताना नेहमी अडखळायला होतं, कारण खाणं तेच आणि भावही तोच!

लोचा, राडा, झोल यांत फारसं काही अडत नाही. लोचा म्हणजे भानगड, राडा म्हणजे हाणामारी किंवा नुसता गोंधळ, झोल म्हणजे आतून काहीतरी गडबड.

‘पोपट’ जरा जपून. ऐटीत काही करायला जावं आणि तोंडघशी पडावं, तो पोपट. जुनी मंडळी याला ‘पचका’ म्हणतात. ‘माझा पोपट झाला’ कुठेही चालतं, स्वतःवर हसायला कुणाची हरकत नसते. ‘तुझा पोपट झाला’ दोस्ताला म्हणा. ‘अहो, तुमचा पोपट झाला’ असं मी एकदा मोठ्या आतेभावाच्या सासऱ्यांना बोलून गेलो होतो. ते हसले, आत्याने मात्र घरी आल्यावर माझी शाळा घेतली. ‘फाट्यावर मारणे’, म्हणजे अजिबात किंमत न देणे, हे तर वडीलधाऱ्यांसमोर नकोच. अर्थापेक्षा त्याचा सूर असभ्य लागतो.

साहेबांचं म्हणाल तर ‘मी वाट बघतो, सर’ एवढं पुरे. फक्त या ‘बघणे’लाही एक काटा आहे. ‘ते काम मी बघून घेतो’ म्हणजे जबाबदारी माझी, निश्चिंत राहा. ‘तुम्हाला मी बघून घेतो’ ही सरळ धमकी.