गाभारा गावठी अन् गर्भगृह शुद्ध? काहून बरं?

प्रश्न असा आलाय: गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, पत्रिका छापायची आहे, अन् कमिटीतली पोरं म्हणतात 'गाभारा' काढा, गावठी वाटते, 'गर्भगृह' टाका. तर बरोबर काय? आणि गाभारा हा शब्द 'गाभा' अन् 'अंधार' मिळून झाला असं एका महाराजांनी प्रवचनात सांगितलं, ते खरं का?

अंधाराचं आधी मिटवतो. नाही. गाभा आणि अंधार जोडून गाभारा करायचा तर मधला अनुस्वार अन् ध गेले कुठं, ते महाराजांनाच विचारा. अर्थ जुळला की व्युत्पत्ती झाली असं नसते जी.

गर्भगृह शब्द चूक नाही, संस्कृत आहे, चांगला आहे. पण जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येचा सोहळा टीव्हीवर चालला, हिंदी चॅनलवाले दिवसभर गर्भगृह गर्भगृह करत होते, अन् तेव्हापासून आमच्या इकडच्या भोंग्यावरही 'गर्भगृहात गर्दी करू नये' सुरू झालं. ते पण 'गर्भग्रुह' म्हणून. जो शब्द तोंडात नीट बसत नाही तो शुद्ध, आणि आजीच्या तोंडी असलेला गावठी, हे मला ऐकवत नाही.

आता गाभारा. कर्म चं काम झालं, चर्म चं चाम झालं, तसं गर्भ चं गब्भ आणि मग गाभ. गाभा, गाभण म्हैस, सगळं त्याच घरचं. पुढचा 'आरा' कुठून? माझ्या मते 'आगार' मधून, आगार म्हणजे घर किंवा खोली. कोष्ठागार चं कोठार, भाण्डागार चं भांडार, तसं गर्भागार चं गाभार, त्याला आ लागून गाभारा. मधला ग घसरून जातो, बाकी सगळं जागच्या जागी राहते.

दुसरा पक्ष म्हणतो की गाभारा थेट गर्भगृहावरूनच आला. त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे देव्हारा, तो देवगृहावरून आला, अन् मातृगृहाचं माहेर झालं, म्हणजे गृह चं घर, घर चं हर होते. कबूल. पण माहेरात अन् देव्हाऱ्यात तो ह समोर दिसतो, गाभाऱ्यात तो आहे कुठं? तर म्हणे भ मध्ये विरघळला. असा सोयीचा भ आणखी दोन-चार शब्दांत दाखवा, मग बोलू. आणि गंमत पाहा, त्यांचं खरं धरलं तरी गाभारा म्हणजे गर्भगृहच झालं ना, मग पोरं नेमकं काय काढून काय टाकून राहिली?

पण गर्भागारावर माझा जीव आहे तो वेगळ्याच कारणानं. अमरकोशात एक ओळ आहे: गर्भागारं वासगृहमरिष्टं सूतिकागृहम्. घरातली आतली राहायची खोली ती गर्भागार, आणि बाळंतिणीची खोली ती अरिष्ट (हो, तेच अरिष्ट जे आता गावावर येते). म्हणजे मुळात हा देवळाचा शब्दच नाही, घरातल्या माणसांच्या खोलीचा आहे! सपरी ओलांडून माजघरात जातो ना आपण, ते माजघर म्हणजे मध्यगृह, तसं हे देवाचं माजघर. आणि कोशकारानं बाळंतिणीची खोली वेगळी काढून ठेवली आहे, म्हणून 'गाभाऱ्यात शिरला की माणूस पुन्हा जन्मतो' हे जे फॉरवर्ड फिरते ते मला पटत नाही. गर्भ म्हणजे पोट तसंच 'आतलं' पण, अन् इथं ते 'आतलं'च आहे. मूर्तीखाली तांब्याचा पत्रा अन् त्यातून चुंबकीय लहरी, हे जे दुसरं फॉरवर्ड, त्याबद्दल तर बोलतच नाही.

तांबं खरंच असते, पण कशासाठी ते पाहा. मयमतासारख्या दक्षिणेकडच्या शिल्पग्रंथांत गर्भन्यास नावाचा विधी आहे, कप्प्याकप्प्यांच्या तांब्याच्या पेटीत धान्य, धातू, रत्नं, ठिकठिकाणची माती असं भरून ती पेटी बांधकामात पुरायची. देऊळ उगवावं म्हणून टाकलेलं बियाणं आहे ते. इथं मात्र गर्भ खरोखर गर्भ आहे. अन् मग वरचं सगळं देऊळ शरीर होते, भिंतीचा भाग जंघा, शिखराचा माथा स्कंध, म्हणजे खांदा, त्यावर ग्रीवा, म्हणजे मान. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ मार्कंड्याला गेलात तर वैनगंगेच्या काठावरच्या त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या रांगा दिसतात ना, ती जंघा. सगळी गर्दी, देव, अप्सरा, नक्षी बाहेर. आत जाल तसं कमी कमी होत जाते अन् गाभाऱ्यात कोऱ्या भिंती. ही रचना म्हणजेच तत्त्वज्ञान आहे, वेगळी पोथी वाचायची गरज नाही.

मापं पण सांगून ठेवतो, कारण कमिटीवाले दार मोठं करायच्या मागे असतात. वराहमिहिर बृहत्संहितेत (सहावं शतक) सांगतो की देवळासाठी वास्तूचे ६४ चौकोन पाडा, त्यातले मधले ४ ब्रह्म्याचे. देवळाची जी रुंदी तिच्या निम्मा गर्भ (तो नुसतं 'गर्भ'च म्हणतो), गर्भाच्या पाव हिश्श्याएवढं दार रुंद, आणि रुंदीच्या दुप्पट उंच. गावातलं १२ हाताचं देऊळ धरा: गाभारा ६ हात, दार दीड हात रुंद अन् ३ हात उंच, म्हणजे साधारण साडेचार फूट. वाका अन् जा. उजेड कमी येतो तो म्हणूनच. तिथं पांढऱ्या टाईल्स अन् दोन ट्यूबलाइट लावल्या की मग गाभारा म्हणा का गर्भगृह म्हणा, दवाखानाच दिसते.

हां, अंधार देवळाच्या शब्दांत आहे, पण दुसरीकडे. गाभाऱ्याभोवती भिंतीच्या आतून प्रदक्षिणेची वाट असते त्या देवळाला शिल्पशास्त्रात सांधार म्हणतात, नसेल तर निरंधार. ती अंधारी वाट म्हणजे अंधारिका. महाराजांनी ऐकलं असेल हे अन् चिकटवलं भलत्याच जागी.

आणि सांधार म्हटलं की मला गाभुयली (गाभुळलेली) चिंच आठवते. कच्च्या चिंचेची साल गराला घट्ट चिकटलेली असते, चिंच गाभुयली की गर आत आकसतो, साल सुटी होते, बोटानं दाबली तर मधे पोकळी लागते. गाभा वेगळा झाला म्हणून गाभुळणं, असं माझं ठाम मत आहे, कोशवाले 'अर्धवट पिकणे' एवढं लिहून मोकळे होतात. साल म्हणजे बाहेरची भिंत, पोकळी म्हणजे प्रदक्षिणेची वाट, आत गाभा. दगडात बांधली तर सांधार देऊळच की! ज्याला हे ओढूनताणून वाटते त्यानं आधी चिंच सोलून पाहावी.

राहिली पत्रिका. गाभारा छापा, भटजींना संकल्पात काय म्हणायचं ते म्हणू द्या. मात्र त्याच मजकुरात खाली 'कळसास ऑइल पेंट दोन हात' असं लिहिलंय ते दुरुस्त करा. तुम्ही रंगवलं ते शिखर. कळस म्हणजे त्याच्या टोकावरचा कलश तेवढाच, अन् तो तर पितळेचा आणलाय ना तुम्ही?