‘टोळीप्रमुख’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे : जर्मनीतल्या डेटमोल्डजवळच्या टेकडीवर तलवार उगारून पुतळ्याच्या रूपात उभा असलेला हेरमान, म्हणजे आर्मिनियस, याला मराठीत काय म्हणायचं? ‘जर्मन टोळीप्रमुख’ हे विचारणाऱ्याला खटकतं.

मलाही खटकतं. ‘टोळी’ म्हटलं की डोळ्यांसमोर दरोडेखोर येतात, आणि वर्तमानपत्रातलं ‘टोळीयुद्ध’. इ.स. ९ मध्ये ट्यूटोबुर्गच्या जंगलात रोमन सेनापती व्हारसच्या तीन पलटणी कापून काढणाऱ्या माणसाला हा शब्द शोभत नाही. बरं, ‘राजा’ म्हणावं, तर तो राजा नव्हताच. उलट रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की त्याला राजपदाची हाव सुटली, म्हणून स्वकीयांनीच कपटाने त्याचा काटा काढला. ‘सरदार’ म्हटलं की वर कुणीतरी बादशहा आला. (त्याच्या तरुणपणी तसा होताही : रोमच्या सैन्यात तो अधिकारी होता, रोमचं नागरिकत्वही मिळालेलं.) ‘पुढारी’ तर खादीच्या कपड्यांतच दिसतो.

मी ‘चेरुस्की गणाचा नायक’ असं लिहीन; चेरुस्की म्हणजे त्याचे लोक. यौधेय, मालव यांच्यासाठी आपण ‘गण’ वापरतोच, आणि गणाला राजा असलाच पाहिजे असं नाही. फक्त दोन्ही शब्द जोडू नका, नाहीतर गणनायक होऊन सोंडेसकट अवतरेल!

नावाचंही तसंच. रोमन लेखक त्याला आर्मिनियस म्हणतात. ‘हेरमान’ हे नाव जर्मनांनी त्याला सोळाव्या शतकात चिकटवलं : ‘हेर’ म्हणजे सैन्य, ‘मान’ म्हणजे माणूस. म्हणून लढाईबद्दल लिहिताना आर्मिनियस आणि १८७५ साली उभ्या राहिलेल्या पुतळ्याबद्दल लिहिताना हेरमान, असा भेद मी पाळतो. त्याच्या सात मीटर लांब तलवारीवर ‘जर्मन एकी हे माझं बळ’ अशा अर्थाचा मजकूर आहे. ही एकोणिसाव्या शतकाची भाषा. खुद्द चेरुस्कींपैकी काहीजण, त्याचा सासरा सेगेस्टेस धरून, रोमच्या बाजूचे होते. म्हणून आर्मिनियसला ‘जर्मन’ नको, ‘जर्मानिक’ म्हणा.

पुतळ्याच्या जर्मन नावातल्या ‘डेंकमाल’साठी मात्र ‘स्मारक’ चपखल. ‘डेंकन’ म्हणजे विचार करणं, ‘माल’ म्हणजे खूण. आपल्याकडे ‘स्मृ’ धातू आहेच. ‘जर्मनचा पुतळा’ एवढं टाळा. एर्न्स्ट फॉन बांडेल या शिल्पकाराने तो तांब्याच्या पत्र्याचा घडवलाय, आणि आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात ‘जर्मनचं’ म्हणजे ॲल्युमिनियमचं.